दोनशे चाळीसवर अडलेला आकडा

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. देवगाव रंगारीत सकाळपासून माझा मोबाईल चार्जिंगलाच लावलेला होता. भाजप आघाडीचं 'चारशे पार' महिनोन्‌महिने ऐकलेलं, काही एक्झिट पोलही तेच सांगत होते. दुपारी मात्र भाजपचा आकडा २४०च्या आसपास घुटमळायला लागला. समोरचा चहा गार झाला तरी कोणी कप उचलेना.

५४३ जागांच्या लोकसभेत बहुमताला २७२ लागतात. एकाही पक्षाला तितक्या मिळाल्या नाहीत की सभागृह त्रिशंकू. तरी सरकार बनलं, कारण निवडणुकीआधीच जुळलेल्या भाजपच्या आघाडीच्या जागा २९३ होत्या. त्यात तेलुगू देसमच्या १६ आणि जनता दल युनायटेडच्या १२. त्या २८ खासदारांना एकदम भाव आला.

मला नवल वाटलं ते आपल्या मराठवाड्याचं. आठ जागांत भाजपला एकही नाही! शेजारच्या जालन्यात रावसाहेब दानवेंसारखे मुरलेले नेते पडले. आमच्या मतदारसंघात मात्र शिवसेनेच्या शिंदे गटाचे संदिपान भुमरे आले. लोक मराठा आरक्षणाचं बोलत होते, सोयाबीनच्या भावाचं बोलत होते. कांदा तर डिसेंबर २०२३च्या निर्यातबंदीने रडवलेला. कांदाचाळीत हात घातला की सडका कांदा बोटांना चिकटायचा. तो वास घेऊनच माणूस मतदानाला गेला, असं माझं ठाम मत आहे.

त्रिशंकू म्हणजे अस्थिर, असं म्हणतात. मला ते पटत नाही. १९९१ला नरसिंह रावांकडेही बहुमत नव्हतं, तरी पाच वर्षं सरकार चाललं. बहुमत हुकलेल्या सरकारला ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा खासदार गावात आले की हार घालण्याआधी कांद्याचं विचारा.