जंगलाचं कॅल्शियम कातळातून येतं

देवनारच्या कचराभूमीवरचा सुमारे १८५ लाख टन कचरा हलवायचं मुंबई महापालिकेने ठरवलं, तेव्हापासून चर्चा चालली आहे ती जागेची. मातीबद्दल कुणी बोलत नाही. कचराभूमीशेजारच्या गोवंडीला झाडं हवीत यात वाद नाही. पण ती खाणार काय? झाडाच्या पेशींच्या भिंती मजबूत करणारं कॅल्शियम मुळात खडकातून सुटतं, आणि गोवंडीलगतच्या ट्रॉम्बेच्या डोंगराचा काळा दगड त्या बाबतीत श्रीमंत आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वजनाच्या जवळपास १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं. ग्रॅनाइटमध्ये सहसा एकदोन टक्के. दरडीत उघडा पडलेला गोटा फोडून पाहा: आत काळाभोर गाभा, भोवती कांद्यासारखे सुटणारे तांबूस पापुद्रे. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांची, बुरशीची आम्लं खनिजांतलं कॅल्शियम तिथे सोडवत असतात. दगडाचा मुरूम होतो, मुरमाची माती. आपल्या जंगलातला ऐन हे कॅल्शियम इतकं साठवतो की त्याच्या सालीच्या राखेचा चुना पूर्वी विड्याला लावत.

कुणी म्हणेल, समुद्राचे तुषार आणि धूळही कॅल्शियम आणतात. आणतात खरं, हवाईच्या अतिजुन्या, धुऊन निघालेल्या जमिनींवरची जंगलं बरीचशी त्यावरच तगून आहेत. माथेरानच्या जांभ्यातूनही पावसाने बहुतेक कॅल्शियम केव्हाच नेलं. पण जिथे ताजा बेसॉल्ट मुळांच्या हाताशी आहे, तिथे या वरकड पुरवठ्यावर भिस्त कशाला? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: राडारोड्यात सिमेंटचा चुना भरपूर असतोच की. असतो, पण तो माती अल्कधर्मी करतो आणि मग लोह, स्फुरद मुळांना मिळेनासं होतं. खडक मात्र हळूहळू देतो, आणि जंगलाला हा संथपणाच मानवतो.

हे भांडार आटलं तर काय होतं ते अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलाने दाखवलं. आम्लपावसाने तिथल्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. १९९९ मध्ये संशोधकांनी एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट या कॅल्शियमयुक्त खनिजाची भर घातली, तेव्हा शुगर मेपल सावरले. म्हणून देवनारला नुसती विकतची लाल माती पसरून भागणार नाही. तिच्यात मुरूम आणि खडीयंत्रावरची बेसॉल्टची बारीक भुकटी मिसळून पाहायला हवी. पण डोंगरउतारावरची झाडं तोडायची आणि त्यांच्या बदल्यात भरावावर रोपं लावल्याचा आकडा दाखवायचा, हा व्यवहार मला मान्य नाही. रोपं मोजता येतात. मुळं आणि कातळ यांची हजारो वर्षांची सोयरीक कुठल्याच भरपाईच्या तक्त्यात येत नाही.