खुब्याची शस्त्रक्रिया आणि रजेचा हिशेब

मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा आणि कटीच्या हाडातील वाटीसारखा खळगा मिळून खुब्याचा सांधा बनतो. चालताना, जिना चढताना, बैठकीवरून उठताना देहाचा भार याच सांध्यावरून पायाकडे उतरतो. वाढत्या वयात सांध्यातील कूर्चा झिजते. कित्येकदा मात्र हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो ऐन तारुण्यातच खचतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे आणि अतिरिक्त मद्यपान ही त्याची परिचित कारणे होत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात आढळणारा सिकलसेल हा रक्तदोषही याच मार्गाने खुब्याची हानी करतो. त्यामुळे हा केवळ निवृत्तांचा विकार आहे असे नव्हे; नोकरीत असलेल्या, वर्ग घेणाऱ्या, गावचा कारभार पाहणाऱ्या माणसांवरही हा प्रसंग येतो.

इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास धातूचा माथा आणि प्लॅस्टिकची वाटी यांच्या साहाय्याने कृत्रिम सांधा बसविण्याची पद्धती यशस्वी करून दाखविली. आज ही शस्त्रक्रिया सर्वत्र रूढ झाली असून बदललेल्या सांध्यांपैकी निम्म्याहून अधिक २५ वर्षे टिकतात, असे दीर्घ पाहणीत आढळून आले आहे. शस्त्रक्रियेस सर्वसाधारणपणे एक ते दोन तास लागतात आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. ही वार्ता खरी आहे. परंतु तीतूनच एक गैरसमज पसरतो. दुसऱ्या दिवशी उभा राहिलेला माणूस पंधरवड्यात कामावर जाईल, असे घरच्यांना, कार्यालयाला आणि खुद्द रुग्णालाही वाटू लागते.

वस्तुस्थिती अशी की, साधारण दोन आठवड्यांत टाके निघतात ते कातडीचे. सांध्याला वेढणारे आवरण आणि बाजूचे स्नायू यांना पूर्ववत बळ येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात खुबा काटकोनाहून अधिक वाकविला, पायावर पाय टाकला किंवा पाय आत वळविला, तर नवा माथा वाटीतून निसटण्याचा संभव असतो. आपल्याकडे हा धोका विशेष आहे, कारण पाटावर जेवणे, उकिडवे बसणे, सतरंजीवर मांडी घालून सभेस बसणे हा आपला नित्यक्रम होय. पथ्ये कोणती व किती दिवस पाळावयाची, हे शस्त्रक्रियेच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने ते आपल्या शल्यचिकित्सकाकडूनच समजून घ्यावे.

रजा किती घ्यावी, याचे उत्तर जखमेपेक्षा कामाच्या स्वरूपावर अधिक ठरते. खुर्चीवर बसून करावयाचे काम असेल आणि जाण्यायेण्याची सोय असेल, तर सहा आठवड्यांच्या सुमारास रुजू होणे बहुतेकांना जमते. दिवसभर उभे राहणे, शिवारात फिरणे, एस.टी.ची उंच पायरी चढणे हे ज्यांच्या कामाचा भाग आहे, त्यांनी तीन महिने गृहीत धरावेत. मोटारसायकल चालविण्याचा विचारही वैद्यांच्या अनुमतीखेरीज करू नये.

शिक्षकवर्गात मे महिन्याच्या सुटीत शस्त्रक्रिया 'उरकून' घेण्याचा प्रघात दिसतो. हेतू स्तुत्य आहे; परंतु हिशेब चुकीचा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली, तर जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा जेमतेम सहा आठवडे भरतात. शिक्षक नुकताच वॉकर सोडून काठीवर आलेला असतो आणि त्याच वेळी पाऊस सुरू होऊन अंगण, मोरी व शाळेची वाट निसरडी होते. सुटी जरूर उपयोगात आणावी. मात्र तिला जोडून पुढील रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवावा. वर्ग कोणी सांभाळावा, याची व्यवस्थाही त्यायोगे मुख्याध्यापकांना वेळेवर करता येते.

राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. त्यानुसार सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षास २० दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे तिचे परिवर्तित रजेत रूपांतर करता येते आणि पूर्ण वेतन मिळते. मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे ४५ दिवसांच्या परिवर्तित रजेस ९० दिवस खर्ची पडतील. दहा वर्षांच्या सेवेत साचलेली २०० दिवसांची रजा शाबूत असेल, तर ती १०० दिवसांची गरज भागवू शकते. दीर्घ सुटी उपभोगणाऱ्या शिक्षकांची अर्जित रजा इतरांप्रमाणे साचत नसल्याने त्यांचा मुख्य आधार हाच. सेवापुस्तकातील रजेचा हिशेब शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी पडताळून पाहावा. नंतर नोंदी शोधत कार्यालयाच्या पायऱ्या चढणे कोणालाच सोयीचे नसते!

पंचायत सदस्यांना रजेचे खाते नाही, पण त्यांनाही नियम आहे. पंचायतीच्या परवानगीवाचून सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाते. दुखणे लांबण्याची शक्यता ध्यानी घेऊन लेखी परवानगी आधीच मिळवावी. सरपंचांच्या अनुपस्थितीत उपसरपंचांनी काम पाहावयाचे असते; तेव्हा धनादेश, अपुरी कामे व चालू पत्रव्यवहार यांची कल्पना त्यांना रुग्णालयात जाण्यापूर्वीच द्यावी. खर्चाच्या बाबतीत, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून साहाय्य मिळू शकेल काय, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी.

घरची तयारी थोडी, पण ती मागाहून होत नाही. उंच आसनाची खुर्ची, कमोड अथवा कमोडची खुर्ची, न्हाणीघरात धरावयास दांडी आणि तळमजल्यावर झोपण्याची जागा एवढे असले म्हणजे पुष्कळ झाले. किडके दात, लघवीतील जंतुसंसर्ग आणि वाढलेली रक्तशर्करा यांचा बंदोबस्त शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावा, कारण कृत्रिम सांध्यात शिरलेला संसर्ग निपटणे फार कठीण जाते. घरी आल्यावर पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटरीतील रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. बरे वाटते म्हणून ते बंद करू नये.

वैद्यकीय रजेनंतर रुजू होताना स्वास्थ्य प्रमाणपत्र द्यावे लागते. ते घेतेवेळी 'मी शिक्षक आहे' एवढेच सांगू नये. शाळा किती अंतरावर आहे, किती तास उभे राहावे लागते, वर्ग माडीवर आहे काय, शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे, हे वैद्यांना सांगावे. वर्ग तळमजल्यावर देणे किंवा बसून शिकविण्यास खुर्ची देणे अशा सवलती आवश्यक वाटल्यास त्या त्यांच्याकडून लेखी घ्याव्यात आणि रुजू होण्याच्या अर्जासोबत मुख्याध्यापकांकडे सादर कराव्यात.