चार पूर्णांक शून्याचा अर्थ

ज्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते, अशा मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या मागे बहुधा जाहिरात विभाग नसतो. नवी आवृत्ती बाहेर पडताना काढलेले निवेदन हीच त्याची जाहिरात, तेच वापरकर्त्याला दिलेले वचन आणि तीच धोक्याची सूचनाही असते. ही तिन्ही कामे एकाच मजकुराने करायची म्हटली की जाहिरातीचा आवाज मोठा होतो आणि सूचना दबून जाते. ‘केडीई’ या प्रकल्पाची 4.0 ही आवृत्ती 11 जानेवारी 2008 रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा नेमके हेच घडले.

केडीई हा मुख्यतः लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, चिन्हे आणि तळपट्टी मिळून संगणकाचा जो दर्शनी भाग बनतो तो, 1996 साली सुरू झाला आणि त्याची 3.5 ही मालिका स्थिर व भरवशाची म्हणून नावाजली गेली. चौथ्या मालिकेत विकसकांनी पायाच नव्याने घातला. ऑक्टोबर 2007 साठी ठरलेले प्रकाशन आधी डिसेंबरवर व नंतर जानेवारीवर ढकलूनही डेस्कटॉपचा ‘प्लाझ्मा’ हा नवा भाग कच्चाच राहिला होता आणि 3.5 मधील कित्येक सोयी त्यात उतरलेल्या नव्हत्या.

सॉफ्टवेअरच्या व्यवहारात अपुऱ्या अवस्थांना नावे आहेत: घरच्या चाचणीची ‘अल्फा’, बाहेरच्यांना तपासायला दिलेली ‘बीटा’ आणि दोष न सापडल्यास तीच अंतिम ठरणारी ‘रिलीज कँडिडेट’. ज्या अंकामागे यांपैकी काहीच लिहिलेले नाही, तो वापरकर्ता ‘तयार’ असा वाचतो. मराठीत तर पुस्तकासाठी वापरला जाणारा ‘आवृत्ती’ हाच शब्द येथेही चालतो, आणि अर्धे लिहिलेल्या पुस्तकाची आवृत्ती कोणी काढत नाही. विकसकांच्या लेखी मात्र 4.0 चा अर्थ एवढाच होता की पायाभूत ग्रंथालये, म्हणजे इतर प्रोग्रॅम ज्यांवर उभे राहतात ते तयार कोडचे संच, आता स्थिर झाले आहेत. निवेदनाने तर नव्या युगाचा आरंभ जाहीर केला होता.

घाईमागे कारण होते. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हा न्याय येथेही लागू पडतो: ‘बीटा’ फार थोडे लोक वापरतात, त्यामुळे दोष दडून राहतात, आणि अंतिम अंक दिसल्याशिवाय इतर प्रोग्रॅमर आपले काम नव्या पायावर हलवत नाहीत. परंतु बहुतेकांना डेस्कटॉप मिळतो तो ‘वितरणां’कडून, म्हणजे लिनक्स आणि इतर सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या संचांकडून. ओपनसुसे 11.0 ने जुनी व नवी अशा दोन्ही मालिका देऊ केल्या. फेडोरा 9 ने मात्र 4.0 हाच आपला केडीई डेस्कटॉप केला. तो ज्यांच्या पडद्यावर आला, त्यांपैकी कित्येकांनी मूळ निवेदन पाहिलेलेही नसणार.

टीका उसळल्यावर ‘4.0 म्हणजे संपूर्ण केडीई 4 नव्हे, ही सुरुवात आहे’ असे स्पष्टीकरण पुढे आले. ते खरे होते, पण चिडलेल्या वापरकर्त्याला त्यात ‘चूक तुमच्या वाचण्याची’ एवढेच ऐकू येते. अशा वादात ‘धर्माची गाय, दात का नाय’ या म्हणीचा आधार घेतला जातो: फुकट मिळालेल्याबद्दल तक्रार कसली? हा युक्तिवाद लंगडा आहे. वापरकर्त्याने पैसे दिले नसले तरी कामाचे तास आणि सवयी त्या सॉफ्टवेअरवर सोपवलेल्या असतात, आणि त्याने कळवलेला दोष हे प्रकल्पाला मिळालेले फुकटचे श्रमच होत. विकसकाची बाजूही आहेच: नेमका दोष आणि त्यात मिसळलेली शिवीगाळ वेगळी करण्याचे काम त्याला बहुधा मोकळ्या वेळात करावे लागते. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी 2009 मध्ये कठोर शब्दांत नाराजी व्यक्त करून आपण ‘गनोम’ या दुसऱ्या डेस्कटॉपकडे वळल्याचे सांगितले. त्याच टोरवाल्ड्स यांनी 2018 मध्ये स्वतःच्या तिखट भाषेबद्दल माफी मागून काही काळ कामातून रजा घेतली. आकड्याच्या बाबतीत मात्र ते आधीपासून सावध होते. 2011 मध्ये लिनक्ससाठी 2.6.39 नंतर थेट 3.0 हा आकडा घेताना, त्यामागे कोणताही मोठा बदल नाही, हे त्यांनी स्वतःच स्पष्ट करून टाकले.

केडीई 4.1 ही आवृत्ती 29 जुलै 2008 रोजी आली. नवेपणाची हौस असलेल्या वापरकर्त्यांना योग्य ठरावी अशी ही पहिली आवृत्ती असून 3.5 मधील काही सोयी अजून आलेल्या नाहीत, असे तिच्या निवेदनात सरळ सांगितले होते. हे वाक्य सहा महिने आधीच्या निवेदनात हवे होते.