मी पायमोजे विणायला शिकलो

थंडीत आमच्याकडे लाईट रात्रीची असली की अण्णांना गव्हाला पाणी द्यायला रात्रीच जावे लागते. पायात गमबूट असतात, तरी पाय गार पडतात. सकाळी घरी आले की ते आधी चुलीपुढे पाय धरून बसतात. म्हणून मी ठरवले की अण्णांना लोकरीचे मोजे विणायचे.

आमच्या बाईंना विणकाम येते. त्यांनी मला मधल्या सुट्टीत शिकवले. वर्गातली काही मुले हसली. म्हणाली, हे पोरींचं काम. पण धनगरवाड्यावर मेंढ्या कातरतात ते बाप्येच ना? मग!

मोज्याला दोन्हीकडे टोक असलेल्या सुया लागतात. तीन सुयांवर टाके असतात आणि चौथीने विणायचे. तशा सुया बाजारात मिळाल्या नाहीत. मग आजोबांनी बांबूच्या कामट्या तासून पेन्सिलीच्या निम्म्या जाडीच्या पाच सुया केल्या आणि काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केल्या. त्यातली एक माझ्या हातून मोडली. चार उरल्या, तेवढ्या पुरतात.

लोकर १०० ग्रॅम आणली. बाईंनी आधी तिचे दोन सारखे गुंडे करायला लावले. नाहीतर पहिलाच मोजा सगळी लोकर खातो. आपण तिला लोकर म्हणतो, पण ही मेंढीची नाही, अ‍ॅक्रेलिकची आहे. मेंढीची लोकर घाम शोषून घेते आणि ओलसर झाली तरी ऊब देते. अ‍ॅक्रेलिक घाम शोषत नाही, म्हणून मोजे रोज वाळवावे लागतात. पण चुलीला चिकटून ठेवायचे नाहीत, ते वितळतात.

टाके दोनच. सुलट टाक्याला लोकर मागे ठेवून सुई पुढून घालायची. उलट टाक्याला लोकर पुढे घेऊन सुई मागून घालायची. मी ४८ टाके घातले, एका सुईवर १६. सुया जोडून गोल करताना टाक्यांना पीळ पडू द्यायचा नाही. माझा पडला, आणि मोज्याचा आठाचा आकडा झाला. उसवला. वरचा पट्टा दोन सुलट, दोन उलट असा विणतात. तो रबरासारखा ताणतो आणि मोजा खाली घसरत नाही. त्याच्या पुढे नुसते सुलट विणत गोल गोल जायचे.

मला वाटले, झाले! असेच बोटांपर्यंत जायचे. मी सरळ नळी विणून अण्णांच्या पायात घातली. तर टाचेवर ती ताणली आणि घोट्यापुढे चुण्या पडल्या. पाय तिथे वळतो, नळी वळत नाही. बाई म्हणाल्या, "टाचेला कापड जास्त लागतं, पुढे कमी." पट्ट्याच्या खालचे तीन दिवसांचे विणकाम उसवले. मला रडू आले होते.

आता खरी टाच सांगतो. ४८ पैकी २४ टाके तसेच थांबवायचे. उरलेल्या २४ वर जाऊन येऊन २४ ओळी विणायच्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता सरकवायचा, म्हणजे दोन्ही कडांना बारा-बारा कड्या होतात. मग १४ सुलट, दोन टाके एकत्र, एक सुलट, आणि तिथूनच परत फिरायचे. पुढे ७ टाके शिल्लक असतात तरी! मला हे पटेना. बाई म्हणाल्या, फीर तर खरा. परत येताना एक सरकवायचा, ५ उलट, दोन एकत्र, एक उलट, की पुन्हा फिरायचे. दर वेळी एक टाका पुढे जायचे. शेवटी १४ टाके उरले आणि बघतो तर कापडाची वाटी झालेली! अण्णांची टाच त्यात बरोबर बसली.

मग कडेच्या कड्यांमधून १२ आणि १२ टाके उचलायचे. १४, १२, १२ आणि थांबवलेले २४, झाले ६२. एक फेरा सोडून एक फेऱ्यात दोन टाके कमी करत पुन्हा ४८ वर यायचे. पायाची करंगळी झाकली की एक फेरा सोडून चार-चार कमी करायचे. १६ उरले की जाड सुईने शिवून टाकायचे.

परवा अण्णा एकच मोजा घालून पाण्यावर गेले. सकाळी मी विचारले, कसं वाटलं? ते म्हणाले, "उजवा पाय घरी होता, डावा शेतात."

दुसऱ्या मोज्याची टाच काल वळली. पुढच्या पाळीला अजून चार दिवस आहेत.