हळदीचा पिवळा रंग मोजणारे यंत्र

तेलंगणातल्या नार्नूरकडे मराठी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. तिथून हळदीचे दोन मोठे मुलूख फार लांब नाहीत: गोदावरीपलीकडे निजामाबाद आणि पश्चिमेला वसमत-हिंगोली. दोन्हीकडे हळकुंड मोडून आतला रंग बघायची रीत जुनी आहे. ती चांगलीच आहे, पण हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमीन तीन टक्के की चार, हे डोळा सांगू शकत नाही. आणि बाहेरून पाहावे, तर पॉलिश केले की तो रंग खुलतोच.

कुरकुमीन मोजायचे काम स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचे यंत्र करते. तोललेली चिमूटभर पूड अल्कोहोलात बराच वेळ उकळतात. वाफ थंड होऊन परत भांड्यात उतरते, त्यामुळे द्रावण आटत नाही. मग गाळून, पातळ करून क्युव्हेट नावाच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक कुपीत भरतात. दिव्याच्या उजेडातून यंत्र 425 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-जांभळा प्रकाश वेगळा काढून तिच्यातून सोडते. कुरकुमीन नेमका हाच प्रकाश शोषते. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. आधी नुसत्या अल्कोहोलाचे वाचन घ्यायचे, मग हळदीचे. प्रकाशाचा दहातला एकच भाग पलीकडे पोहोचला तर शोषण 1. कुरकुमीन दुप्पट तर शोषणही दुप्पट, आणि या सरळ हिशेबावरच टक्केवारी निघते. द्रावण उजेडात ठेवून चालत नाही, कुरकुमीन विटते आणि आकडा खाली येतो.

या यंत्राच्या मर्यादा मला फार महत्त्वाच्या वाटतात. कुरकुमीन धरून हळदीतली तीन कुरकुमिनॉइडे ते एकत्रच मोजते. मेटॅनिल यलोसारखा बंदी असलेला रंग मिसळला असेल तर तोही याच भागातला प्रकाश शोषतो, म्हणजे भेसळीने आकडा वाढू शकतो. शिशाचे लेड क्रोमेट तर अल्कोहोलात विरघळतच नाही, गाळणीवर राहते आणि यंत्राला दिसतच नाही. त्यामुळे चांगला आकडा म्हणजे शुद्ध हळद, असे कुणी सांगितले तर ऐकू नये. शिसे आणि रंग यांची तपासणी वेगळीच करावी लागते.

वायगावच्या हळदीला 2016 साली, सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे वसमतलाही मिळाले. राष्ट्रीय हळद मंडळ 2025 साली निजामाबादेत सुरू झाले. मानांकने आली, मंडळ आले; आता लिलावाच्या आधी, शेतकऱ्यासमोर कुरकुमीनची ही मोजणी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी नमुनाही पोत्याच्या तोंडचा, मधला आणि तळचा असा तिन्ही ठिकाणचा घ्यावा, कारण यंत्रात जाते ती चिमूटभर पूड आणि भाव ठरतो सगळ्या पोत्यांचा.