मेंदूतील गाठ आणि हालचालींचा नकाशा : फंक्शनल एमआरआय समजून घेताना

घरात कुणाच्या मेंदूत गाठ निघाली की पहिली काळजी जिवाची असते. तिच्या मागोमाग प्रश्न येतो, "ऑपरेशननंतर हातपाय चालतील ना?" गाठ हालचालींच्या केंद्राजवळ असेल तर डॉक्टर अनेकदा फंक्शनल एमआरआय करायला सांगतात. या तपासणीच्या चित्रात मेंदूवर रंगीत ठिपके दिसतात. ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे कुटुंबाने जाणून घेतलेले बरे.

हालचालींचे मुख्य केंद्र मेंदूच्या दोन्ही अर्धांत असते. डावा अर्ध उजव्या अंगाला चालवतो, उजवा डाव्या अंगाला. पायाची जागा वर मध्यभागी, हाताची बाजूला आणि चेहऱ्याची त्याखाली असते. कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रिया चालू असताना मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन ही मांडणी नोंदवली आणि १९३७ साली प्रसिद्ध केली.

फंक्शनल एमआरआयमध्ये कवटी उघडावी लागत नाही. रुग्ण यंत्रात पडून काही सेकंद बोटे हलवतो, मग थांबतो, पुन्हा हलवतो. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे गरजेपेक्षाही जास्त ऑक्सिजनयुक्त रक्त धावते. त्यामुळे चुंबकीय संदेशात किंचित फरक पडतो. या तत्त्वाचा पाया सेइजी ओगावा यांनी १९९० साली घातला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची : यंत्राला मज्जापेशींचे काम दिसत नाही, त्या कामामागून येणारे रक्त दिसते.

गाठ असली की नेमकी इथेच गफलत होऊ शकते.

पहिली गोष्ट जागेची. गाठ आणि भोवतालची सूज शेजारच्या भागाला ढकलते, त्यामुळे हाताचे केंद्र नेहमीच्या जागेवरून सरकलेले असू शकते. ते नेमके कुठे गेले, हे दाखवण्यात ही तपासणी खूप उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. काही गाठींच्या आत व आसपास रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात. मज्जापेशी काम करत असल्या तरी त्या वाहिन्या हव्या तशा रुंदावत नाहीत, जादा रक्त येत नाही आणि चित्रात रंग उमटत नाही. खिडकीत उजेड नाही म्हणून घरात कुणी नाही असे म्हणता येत नाही, तसेच हे. तो भाग 'रिकामा' समजून काढला, तर हात लुळा पडण्याचा धोका असतो.

तिसरी गोष्ट, हात आधीच कमजोर असेल तर हालचाल नीट होत नाही आणि संदेशही क्षीण येतो. कधी मेंदू कामाची फेरवाटणी करतो आणि शेजारचे किंवा दुसऱ्या बाजूचे भाग जास्त उजळतात. पण तिथे रंग आला म्हणून मूळ केंद्राची गरज संपली असे होत नाही.

म्हणून शल्यविशारद एकट्या या नकाशावर विसंबत नाहीत. काही ठिकाणी रुग्णाला थोडा वेळ श्वास रोखायला सांगून रक्तवाहिन्या प्रतिसाद देतात का, हे पाहतात. हालचालींचे आदेश खाली नेणारे तंतू वेगळ्या एमआरआयने शोधतात. शेवटचा निर्वाळा मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर, मेंदूला थेट विद्युत्प्रवाह देऊन घेतला जातो. पेनफिल्ड यांची ती वाट आजही सोडलेली नाही.

कुटुंबाच्या हातातही काही गोष्टी आहेत. सांगितलेली हालचाल रुग्णाकडून आदल्या दिवशी घरी करून घ्यावी. बोटे हलताना डोके हलता कामा नये, कारण थोडेसे हलल्यानेही चित्र बिघडते. हातात कमजोरी असेल तर ती आधीच सांगावी. पेसमेकर, शरीरातील धातू किंवा पूर्वीची शस्त्रक्रिया यांची माहिती लपवू नये. आणि आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना : यंत्रातले आदेश हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीत येतील. घरातल्या आजी-आजोबांना ती भाषा घाईत उमजत नसेल, तर 'सुरू' आणि 'थांबा' यासाठीचे शब्द तंत्रज्ञांकडून आधी विचारून त्यांच्याकडून घोटून घ्यावेत.

अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे : "जिथे रंग दिसत नाही, तिथे खरोखर काम नाही, की गाठीमुळे ते दिसत नाही?"