दुकानातील संगणक मागणी कशी नोंदवतो?

खामगावच्या वाण्याला साबण संपत आल्याचे फळीकडे नुसते पाहून कळते. पण दहा गावी शाखा असलेल्या दुकानाने काय करावे? तेथे हे काम संगणक करतो.

वेष्टनावरच्या काळ्या-पांढऱ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतीलच. दुकानात त्या प्रथम वाचल्या गेल्या २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ट्रॉय गावी; वस्तू होती च्युइंगमची! रेघा वाचल्या की संगणक शिलकीतून एक वजा करतो.

समजा, बुलढाण्याच्या शाखेत रोज १२ साबण खपतात आणि माल अकोल्याहून यायला ३ दिवस लागतात. म्हणजे ३६ साबण हाताशी हवेतच. सणावारी खप वाढतो, म्हणून आणखी १० धरू. शिल्लक ४६ झाली की पुरवठादाराकडे आपोआप मागणी जाते. गणित चौथीचेच, नाही का?

गंमत पुढेच आहे. उरलेले ५० साबण उंदरांनी कुरतडले तर? संगणकाच्या लेखी ते शिल्लकच! फळी रिकामी, म्हणून विक्री नाही. विक्री नाही, म्हणून वजाबाकी नाही. आणि वजाबाकी नाही, म्हणून मागणीही नाही. अशा वेळी कुणीतरी गोदामात जाऊन साबण हाताने मोजतो आणि खरा आकडा संगणकात भरतो.